पुरून उरेल!

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आम्ही चौघांनी मिळून मेसच्या डब्यांची नोंदणी करायचं एक वेब ॲप्लिकेशन केलं होतं. कॉलेजच्या लॅबमधलं जुनंपानं माय-एसक्यूएल, कुणाकडून तरी उचललेली पानांची डिझाइन्स आणि रात्रीची जागरणं, नेहमीचाच मामला. एक्स्टर्नल यायच्या आदल्या रात्री लक्षात आलं की आमच्या सगळ्या गिऱ्हाइकांचा मोबाइल नंबर एकच आहे. सगळ्यांचा! नावं वेगळी, पत्ते वेगळे, पोळ्यांची संख्या वेगळी, आणि नंबर मात्र २१४७४८३६४७.

तासभर आम्ही एकमेकांवर संशय घेतला. "तू टेस्टिंगला हा नंबर टाकून ठेवलायस का?" वगैरे. मग कुणीतरी गूगल केलं आणि जगातल्या असंख्य नवशिक्यांनी आपल्याआधी हाच गाढवपणा केलाय हे कळून जिवाला बरं वाटलं. :) मोबाइल नंबरचा कॉलम आम्ही 'इंट' ठेवला होता. आपल्याकडचे मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात आणि दहा आकडी असतात, म्हणजे कमीत कमी सहाशे कोटी. इंटमध्ये मावतात जेमतेम दोनशे चौदा कोटी. त्या जुन्या डेटाबेसने बिचाऱ्याने तक्रार न करता जेवढं मावेल तेवढं ठेवलं. सगळ्यांच्या ताटात सारखंच.

तर आज त्या आकड्याविषयी लिहायचंय.

दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. गणिताच्या भाषेत २^३१ − १, म्हणजे दोनचा एकतिसावा घात वजा एक. संगणकात ३२ बिटांची पूर्णांक संख्या साठवायची तर एक बिट जातो अधिक-उण्याच्या चिन्हाला. उरले ३१. त्या ३१ खणांत सगळीकडे १ भरला की जी संख्या होते ती ही. त्यापुढे जागाच नाही. जुन्या स्कूटरच्या मीटरवर ९९९९९ नंतर ००००० यायचं ना, तसंच. फरक एवढाच की इथे शून्य येत नाही, बहुतेक वेळा थेट उणे २१४७४८३६४८ येतं. म्हणजे तुम्ही डोंगराच्या टोकावरून एक पाऊल पुढे टाकलंत आणि दरीच्या तळाशी उभे राहिलात.

आता मजा बघा. एवढ्या खटाटोपातून आलेली ही संख्या मूळ संख्या आहे. तिला १ आणि ती स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही. ८ बिटांची मर्यादा १२७, तीसुद्धा मूळ. १६ बिटांची ३२७६७, ती नाही (७ × ३१ × १५१). ६४ बिटांची ९२२३३७२०३६८५४७७५८०७, तीही नाही, तिला सातने दोनदा भाग जातो. दोनच्या घातातून एक वजा करून मूळ संख्या हवी असेल तर घातांक स्वतः मूळ असावा लागतो. ७ आणि ३१ मूळ आहेत, १५ आणि ६३ नाहीत. म्हणजे एक बिट चिन्हाला दिला म्हणून ३१ उरले आणि ३१ उरले म्हणून ही संख्या मूळ निघाली. हार्डवेअरवाल्यांच्या ध्यानीमनीही नसेल.

घातांक मूळ असला म्हणजे काम झालं असंही नाही बरं का. ११ मूळ आहे, पण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. त्यामुळे प्रत्येक संख्या तपासूनच बघावी लागते. १७ व्या शतकात मर्सेन नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने अशा घातांकांची एक यादी दिली होती (१६४४). तिच्यात ३१ होता. यादीतले काही घातांक पुढे चुकीचे निघाले, काही खरे राहूनच गेले होते. ३१ चं काय, हे बराच काळ कुणालाच नक्की सांगता येत नव्हतं.

ते सांगितलं लिओनार्ड ऑयलरने. १७५२ साली गोल्डबाखला लिहिलेल्या पत्रात त्याची स्वतःचीच खात्री नव्हती. १७७२ साली बर्नुली घराण्यातल्या एका गणितज्ञाला लिहिलेलं त्याचं पत्र प्रसिद्ध झालं, त्यात त्याने ठामपणे सांगितलं की ही संख्या मूळ आहे. त्या सुमारास त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. कॅल्क्युलेटर वगैरेचा प्रश्नच नाही.

कसं केलं असेल? सरळसोट पद्धत म्हणजे वर्गमुळापर्यंतच्या संख्यांनी भागत सुटायचं. या संख्येचं वर्गमूळ ४६३४० च्या किंचित पुढे येतं. म्हणजे ४६ हजार भागाकार, नुसत्या मूळ संख्या घेतल्या तरी साडेचार हजारांवर. ऑयलरने आधी विचार केला की या संख्येला भाग जाऊ शकेल असा मूळ विभाजक दिसेल तरी कसा? एक अट अशी की तो ६२ च्या कुठल्यातरी पटीपेक्षा १ ने मोठा हवा (६२ म्हणजे ३१ ची दुप्पट). वरच्या २०४७ वर ही अट तपासून बघा: ११ ची दुप्पट २२. २३ म्हणजे २२ अधिक १, ८९ म्हणजे ८८ अधिक १. जमतंय ना? दुसरी अट, त्या विभाजकाला ८ ने भागलं तर बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे. २३ ची बाकी ७, ८९ ची १. हेही जमतंय. दोन्ही अटी एकत्र केल्या की निघतं ते असं: विभाजक असलाच तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ उरेल.

४६३४० पर्यंत अशा संख्या आहेत किती? १ आणि खुद्द ६३ सोडून फक्त ३७२. त्यातल्याही बऱ्याच स्वतः मूळ नसल्यामुळे आपोआप बाद होतात. उरलेल्यांनी भागून बघायचं. एकानेही भाग गेला नाही. संपलं.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी लॅपटॉपवर तीन ओळींचा प्रोग्राम लिहून ४६ हजार भागाकार करून पाहिले होते. एंटर दाबून बोट उचलेपर्यंत उत्तर आलं. आणि खरं सांगतो, थोडी लाज वाटली. मशीन वेगवान आहे म्हणून मी विचारच केला नव्हता. ऑयलरने काम शंभरातल्या एका हिश्श्यापेक्षाही कमी करून घेतलं, कारण त्याच्याकडे हातच दोन होते.

पुढची जवळजवळ ऐंशी वर्षं २१४७४८३६४७ पेक्षा मोठी मूळ संख्या कुणाच्या खात्यावर नव्हती. आणि इथे गोष्टीत एक इंग्रज गृहस्थ येतात, पीटर बार्लो. १८११ सालच्या आपल्या संख्याशास्त्रावरच्या पुस्तकात ते परिपूर्ण संख्यांबद्दल लिहीत होते. परिपूर्ण संख्या म्हणजे जिच्या स्वतःहून लहान विभाजकांची बेरीज तीच संख्या येते, जसं ६ = १ + २ + ३, किंवा २८. अशी प्रत्येक सम संख्या या मर्सेनच्या मूळ संख्यांपासूनच तयार होते, हेही ऑयलरनेच सिद्ध केलेलं. आपल्या आकड्यापासून तयार होणारी परिपूर्ण संख्या म्हणजे २३०५८४३००८१३९९५२१२८, एकोणीस आकडी, अशा संख्यांपैकी आठवी. बार्लोसाहेबांनी लिहिलं की हीच कायम सर्वांत मोठी राहील. कारण या संख्या गमतीशीर असल्या तरी उपयोगाच्या नाहीत, तेव्हा याहून मोठी शोधायच्या भानगडीत कोण कशाला पडेल?

म्हणजे थोडक्यात, "एवढी पुरे."

१८७६ साली ल्युका नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने २^१२७ − १ ही ३९ आकडी संख्या मूळ असल्याचं दाखवलं. पासष्ट वर्षांत बार्लोसाहेबांचं भाकीत खोटं ठरलं. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये सापडलेल्या मर्सेन मूळ संख्येत चार कोटी दहा लाखांहून जास्त आकडे आहेत. भानगडीत पडणारे लोक कमी होत नाहीत, वाढतात. :)

आणि निरुपयोगी म्हणाल तर तेही खरं राहिलं नाही. १९६९ साली आयबीएमच्या सिस्टिम ३६० साठी यादृच्छिक संख्या, म्हणजे आपले रँडम नंबर, तयार करायची एक पद्धत प्रसिद्ध झाली. आधीच्या संख्येला १६८०७ ने गुणा, २१४७४८३६४७ ने भागा, जी बाकी राहील ती पुढची संख्या. बस्स. आपला आकडा मूळ आहे आणि १६८०७ नीट निवडलाय म्हणूनच हा खेळ १ पासून २१४७४८३६४६ पर्यंतची एकेक संख्या एकदाच घेत फिरतो आणि मगच पुन्हा पहिल्या जागी येतो. ही पद्धत आजही सी प्लस प्लसच्या स्टँडर्ड लायब्ररीत आहे. लहानपणी खेळलेल्या एखाद्या गेममधले पत्ते ऑयलरच्या त्या भागाकारांनी पिसले असतील, काय सांगावं!

आता बार्लोसाहेबांना हसणं सोपं आहे. पण आपल्या धंद्यात आपण काय वेगळं करतो?

युनिक्सची गोष्ट घ्या. १९७१ सालच्या युनिक्सच्या पहिल्या माहितीपुस्तकात वेळ मोजली जायची सेकंदाच्या साठाव्या भागात, १ जानेवारी १९७१ पासून. ३२ बिटांत ती किती पुरणार? सव्वादोन वर्षं. थोड्याच दिवसांत लक्षात आलं की हे काही खरं नाही. मग साठावा भाग सोडून अख्खे सेकंद मोजायला लागले आणि सुरुवात धरली १ जानेवारी १९७०. आता सेकंदाला एक या हिशोबाने २१४७४८३६४७ पुरतात ६८ वर्षं. सव्वादोन वर्षांवरून ६८! त्यांना वाटलं असेल, पुरून उरेल.

मी त्यांना दोष देत नाही. १६ बिटांची मशीन, चिमूटभर मेमरी. अंथरूण पाहून पाय पसरले त्यांनी. शिवाय आपण लिहिलेलं काही ६८ वर्षं चालेल असं कुठल्या प्रोग्रामरला वाटतं? मला तर माझा कोड दिवाळीपर्यंत चालला तरी भरून पावतं.

गडबड पुढे झाली. नंतर आलेल्या आम्ही सगळ्यांनी तो निर्णय आहे हे विसरून त्याला निसर्गनियम मानून टाकलं. २^३१ − १ ही मूळ संख्या आहे हे सत्य आहे, विश्वाच्या अंतापर्यंत कुणाच्या बापाला बदलता येणार नाही. पण २^३१ − १ ही मर्यादा आहे हे कुणीतरी एका दुपारी घेतलेला निर्णय आहे. दोन्ही गोष्टी एकाच आकड्याच्या, म्हणून आपल्या डोक्यात एकच होऊन बसतात.

उदाहरणं हवीत तर ढीगभर आहेत. २०१४ च्या डिसेंबरात 'गंगनम स्टाइल' हे गाणं यूट्यूबवर याच आकड्याच्या पुढे गेलं. तिथल्या लोकांनी ते आधीच ओळखून मोजणी ६४ बिटांवर नेली होती, त्यामुळे गंमत झाली आणि निभावलं. २०१५ मध्ये मात्र अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकांना बोइंग ७८७ विमानांसाठी आदेश काढावा लागला की विमानाची वीज ठरावीक काळाने बंद करून पुन्हा सुरू करा. कारण सलग २४८ दिवस वीज चालू राहिली तर जनरेटर सांभाळणाऱ्या यंत्रणेतला एक काउंटर भरून वाहायचा आणि वीजपुरवठा बंद पडू शकायचा. सेकंदाचे शंभर भाग करून मोजा, २१४७४८३६४७ ला बरोब्बर २४८ दिवस आणि वर तेरा तास लागतात. (ऑयलरच्या हिशोबातही २४८ होतं, पण तो निव्वळ योगायोग. त्यात काही गूढ शोधू नका.) एवढं आधुनिक प्रवासी विमान आणि उपाय काय, तर "बंद करून चालू करून बघा." आमच्या हेल्पडेस्कला हे ऐकून कृतकृत्य वाटेल.

असो. दुसऱ्यांची उणीदुणी पुरे. आता माझं सांगतो, कारण खरं तर त्यासाठीच हा लेख लिहायला घेतलाय.

पाच वर्षांपूर्वी, नोकरीत नवा असताना, मी एका दूध संघासाठी गाड्यांचा माग ठेवणाऱ्या सिस्टिमवर होतो. टँकरमधलं यंत्र दर दहा सेकंदांनी आपली जागा कळवणार, आम्ही ती टेबलमध्ये टाकणार. सुरुवातीला गाड्या होत्या दहा. दहा गाड्या, दहा सेकंद, म्हणजे सेकंदाला एक नोंद. क्रमांकाचा कॉलम मी इंट ठेवला. रिव्ह्यूमध्ये आमच्या लीडने विचारलं, "इंट पुरेल का?" मी (मेसच्या डब्यांचा अनुभव पाठीशी असूनही!) हिशोब मांडला, ६८ वर्षं. आणि उत्तर लिहिलं, "पुरून उरेल." तिने मान्यता दिली.

मग गाड्या वाढल्या. पन्नास, दीडशे, तीनशे. मधेच कुणीतरी मागणी केली की दहा सेकंद फार होतात, पाच करा. केलं. तो बदलही माझ्याच हातचा, कॉन्फिगरेशनमध्ये एक आकडा बदलायचा, दोन मिनिटांचं काम. तीनशे गाड्या, पाच सेकंद, म्हणजे सेकंदाला साठ नोंदी. आता त्याच २१४७४८३६४७ चा हिशोब करा. ६८ वर्षांचे झाले ४१४ दिवस! पण तो हिशोब पुन्हा कुणी केलाच नाही. जुन्या नोंदी आम्ही दर सहा महिन्यांनी काढून टाकायचो, त्यामुळे टेबलचा आकार बेताचाच दिसायचा. नोंदी पुसता येतात, क्रमांक मागे येत नाही. तो आपला गुपचूप वर चढत होता.

गेल्या वर्षी एका शनिवारी पहाटे साडेपाचला फोन वाजला. दूध संघाचे सुपरवायझर होते. वडिलांच्या वयाचा माणूस, पण आवाजात राग नाही, काळजी. म्हणाले, "साहेब, झोपमोड केली, माफ करा. पण चारपासून सगळ्या गाड्या एकाच जागी उभ्या दिसतायत. कुठं काय झालंय का?" त्यांना वाटलं होतं रस्त्यात काहीतरी मोठा अपघात झालाय. दोन-तीन ड्रायव्हरांना त्यांनी फोन करून पाहिले होते, एकानेही उचलला नव्हता (गाडी चालवत होते म्हणून, पण त्यांना काय माहीत?). पावसाळ्याचे दिवस, घाटातले रस्ते.

गाड्या व्यवस्थित धावत होत्या. उभा होता तो माझा इंट. लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा: २१४७४८३६४७ हा क्रमांक आधीच वापरलेला आहे. तो आकडा बघितल्यावर कारण शोधावंच लागलं नाही. पोटात गोळा आला फक्त. मोठ्या क्रमांकाचं नवीन टेबल करून नोंदी तिकडे वळवेपर्यंत नऊ वाजले. पाच तासांच्या नोंदी गेल्या. दूध नासलं नाही, कुणाला इजा झाली नाही. पण एक भला माणूस पहाटेचे दीड तास, आपली माणसं दरीत तर नाहीत ना, या विचारात बसला होता. ते माझ्या एका शब्दामुळे.

सोमवारी लीडने जुना रिव्ह्यू उघडून माझ्यापुढे ठेवला. मला वाटलं आता बोलणी बसणार. ती एवढंच म्हणाली, "तुझा हिशोब चुकला नव्हता. तू 'पुरेल' असं लिहिलंस. कधीपर्यंत आणि कशाच्या भरवशावर, ते नाही लिहिलंस. आणि मीही नाही विचारलं."

मला वाटतं आपल्या धंद्यातली सगळ्यात महागडी चूक ही आहे. चुकीचा आकडा निवडणं ही नव्हे. आकडा कुठल्याही काळात अपुराच पडणार, तो त्याचा धर्म आहे. चूक ही की ज्या गृहीतावर तो निवडला ते गृहीत कुठेच लिहून ठेवायचं नाही. माझ्या कोडमध्ये इंट दिसत होता. "दहा गाड्या, दहा सेकंद" हे कुठेच दिसत नव्हतं, ते माझ्या डोक्यात होतं आणि माझ्याच डोक्यातून गेलं. ज्या दिवशी मी दहाचे पाच केले त्या दिवशी त्या दोन मिनिटांच्या बदलाने सिस्टिमचं आयुष्य अर्धं झालं, आणि सांगणारं कुणी नव्हतं.

आता तुम्ही म्हणाल, एवढं कशाला पुराण, सगळीकडे ६४ बिट वापरा आणि मोकळे व्हा. आज मेमरी स्वस्त आहे. बरोबर आहे, आणि नवीन टेबल करताना मीही आता डोळे झाकून मोठाच कॉलम घेतो. ६४ बिटांत सेकंद मोजले तर २९ हजार कोटी वर्षं पुरतात, तोवर सूर्य उरणार नाही. पण यात एक फसवणूक आहे. एकतर मर्यादा फक्त बिटांची नसते. पासवर्डची लांबी, फाइलचा आकार, आडनावाला दिलेली वीस अक्षरं, "एका घरात जास्तीत जास्त सहा माणसं", या सगळ्या कुणीतरी कधीतरी "पुरेल" म्हणून सोडून दिलेल्या गोष्टी आहेत. दुसरं म्हणजे डोळे झाकून मोठं घेणं आणि डोळे झाकून लहान घेणं यांत डोळे झाकणं सारखंच आहे. मशीन वेगवान म्हणून ४६ हजार भागाकार करणारा मी आणि जागा स्वस्त म्हणून आठ बाइट घेणारा मी, दोघेही एकाच जातीचे आळशी.

आणि विषय संपलेलाही नाही. त्या ६८ वर्षांचा शेवटचा सेकंद कधी येतो ठाऊक आहे? १९ जानेवारी २०३८, मंगळवार, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं आणि ७ सेकंद. मी तेव्हा चाळिशीत असेन आणि बहुधा ट्रॅफिकमध्ये. त्यापुढच्या सेकंदाला जुन्या पद्धतीने वेळ मोजणारी यंत्रं १३ डिसेंबर १९०१ वर जातील. लिनक्सच्या कर्नलने २०२० मध्ये ३२ बिटांच्या मशीनसाठीही मोठी वेळ वापरायची सोय केली. पण भिंतीत, लिफ्टमध्ये, गेटवर, मीटरमध्ये बसवून टाकलेली खोकी कोण उघडून बघणार? माय-एसक्यूएलमधला टाइमस्टॅम्प हा प्रकार आजही त्याच सेकंदाला थांबतो. तुमच्या आमच्या किती टेबलांत तो आहे, सोमवारी जाऊन मोजा.

"अजून वेळ आहे" असं वाटत असेल तर दोन गोष्टी सांगतो. एक, ही तारीख २०३८ मध्येच चावते असं नाही. १३ मे २००६ ला एक प्रसिद्ध वेब सर्व्हर जगभर ठिकठिकाणी कोलमडला. त्यात 'कधीच वेळ संपू नये' यासाठी आजच्या वेळेत शंभर कोटी सेकंद मिळवायची पद्धत होती. त्या दिवशी ती बेरीज २०३८ च्या पुढे गेली. ज्याने 'कधीच नाही' साठी शंभर कोटी निवडले त्याचाही हिशोब 'पुरून उरेल' असाच असणार. दोन, माझ्या मित्राने नुकतंच वीस वर्षांचं गृहकर्ज घेतलंय. त्याच्या हप्त्यांच्या तक्त्यात २०३८ मधली ती तारीख आजच बसलेली आहे, तीही मधोमध. आपल्यातल्या बऱ्याच जणांच्या तक्त्यात आहे. बँकांच्या मोठ्या सिस्टिम्स तारखा वेगळ्या पद्धतीने ठेवत असतील, मी कुणाला घाबरवत नाहीये. पण विम्याची मुदत, मुलीच्या नावाची ठेव, भाडेपट्टा, जे जे म्हणून लांब पल्ल्याचं आहे ते सगळं त्या सेकंदाच्या पलीकडे पाय ठेवून उभं आहे. आणि ते मोजणारा कोड आपल्यासारख्याच कुणीतरी शुक्रवारी संध्याकाळी घाईत लिहिलेला आहे.

म्हणून मी स्वतःपुरता एक नियम केलाय. कुठेही "पुरेल" लिहायचं झालं की शेजारी दोन गोष्टी लिहायच्या: कुठल्या गृहीतावर, आणि त्या हिशोबाने कोणत्या तारखेपर्यंत. "दहा गाड्या, दहा सेकंद, ६८ वर्षं" एवढी एक ओळ त्या टेबलच्या डोक्यावर असती, तर दहाचे पाच करताना माझा हात नक्की थबकला असता. ओळ लिहायला अर्धं मिनिट लागतं. ऑयलरने फक्त "मूळ आहे" एवढंच सांगितलं नाही. कुठल्या रूपातल्या संख्या, कुठपर्यंत तपासल्या, तेही पत्रात सांगितलं. अडीचशे वर्षांनी पुण्यातल्या एका पोराला ते पुन्हा तपासून बघता आलं ते त्यामुळेच. बार्लोसाहेबांनी नुसतं "पुरे" सांगितलं.

जाता जाता एक. पैशांचे हिशोब अपूर्णांकात नको म्हणून पैशांतच, पूर्णांकात ठेवायचे, हे आपण सगळे शिकलोय. तसे ते साध्या इंटमध्ये ठेवले तर मर्यादा येते २ कोटी १४ लाख ७४ हजार ८३६ रुपये ४७ पैसे. ज्याने कुणी हे ठरवलं असेल त्याला एके काळी ही रक्कम अशक्यच वाटली असणार. आज आमच्या भागात चांगल्या सोसायटीत तीन बेडरूमचा फ्लॅट बघायला जा, पार्किंगसकट कोटेशन मागा.

तिथेही ओव्हरफ्लो. :)